न बोलणाऱ्याचे गहू

बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण मराठी घरांत मुलांना चारचौघांत बोलते करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिचा रोख भिडस्त माणसावर आहे. ज्याला बोलता येते पण जो बोलत नाही, त्याच्यावर. ज्याच्या पोत्यात अस्सल गहू आहेत, ते विकण्याची इच्छाही आहे, परंतु ज्याच्या जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांचा मेळच बसत नाही, अशा माणसाचा विचार त्या म्हणीत नाही. बाजाराने तो केला नाही याचे नवल वाटू नये. समाजानेही तो फारसा केलेला नाही, ही मात्र खंत करण्याजोगी गोष्ट आहे.

२०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख इतकी नोंदली गेली. त्यांत वाचेचे वैगुण्य असलेले सुमारे २० लाख आणि एकाहून अधिक प्रकारचे अपंगत्व असलेले २१ लाखांवर होते. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता यांना त्या प्रश्नावलीत स्वतंत्र रकाना नव्हता. त्यांत अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेलेले आजोबा, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेले गृहस्थ, स्नायूंचे बळ ओसरत चाललेली तरुण आई यांची भर घातली, तर हा प्रश्न परक्याच्या घरचा राहत नाही. तो कोणत्याही गल्लीतल्या कोणत्याही उंबऱ्याच्या आत असू शकतो.

वैखरी म्हणजे सर्व वाणी नव्हे

भारतीय चिंतनाने वाणी आणि उच्चार यांची गल्लत कधी केली नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ वे सूक्त वाणीची चार पदे मानते. त्यांतली तीन गुहेत दडलेली असून माणसे केवळ चौथे बोलतात, असे ते सांगते. पुढे भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त पश्यन्ती, मध्यमा आणि वैखरी असा विचार मांडला. परंपरेत परा वाणी मिळून ही चौकडी रूढ झाली. कंठातून बाहेर पडणारी आणि कानाला ऐकू येणारी वैखरी ही या क्रमातली शेवटची पायरी. अर्थ त्याआधीच मनात आकारलेला असतो, शब्दही आत जुळलेले असतात.

या दृष्टीने पाहिले, तर ज्याचे स्नायू शब्दाला साथ देत नाहीत त्याची पुष्कळदा एक पायरी तेवढी अडलेली असते. मागचा सारा जिना शाबूत असू शकतो. व्यवहारात मात्र नेमके उलटे घडते. बोलत नाही म्हणजे समजत नाही, असा निष्कर्ष क्षणार्धात काढला जातो. पाहुणे मुलाकडे न पाहता आईला विचारतात, "हा काय खातो?" डॉक्टर रुग्णाच्या उशाशी उभे राहून त्याच्या आजाराची चर्चा मुलाशी करतात. लग्नकार्यात त्याला कोपऱ्यातली खुर्ची मिळते, ताटही वेळेवर मिळते; परंतु त्याचे मत कोणी विचारत नाही.

हा गैरसमज किती दूरवर जातो, याचे उदाहरण न्यायालयीन दप्तरात आहे. कोलकात्याच्या जीजा घोष सेरेब्रल पाल्सीसह जगतात. त्यांच्या बोलण्यावरही तिचा परिणाम झालेला आहे. दिव्यांगांच्या हक्कांसाठी त्यांनी दीर्घकाळ काम केले आहे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी गोव्यातील एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्या निघाल्या होत्या. विमानात आपल्या आसनावर बसलेल्या असताना त्यांना खाली उतरवण्यात आले. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०१६ रोजी त्यांना १० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली आणि दिव्यांगांच्या प्रतिष्ठेविषयी परखड शब्द सुनावले. शिकलेल्या, कामात मुरलेल्या स्त्रीची ही अवस्था होत असेल, तर खेड्यातल्या न बोलणाऱ्या मुलाची काय होत असेल, याची कल्पना करावी.

पाटीपासून संगणकापर्यंत

वाणीला जोड देणाऱ्या किंवा तिची जागा घेणाऱ्या साधनांना आणि पद्धतींना 'पूरक आणि पर्यायी संवाद' म्हणतात. या क्षेत्रातले लोक 'एएसी' या आद्याक्षरांनी त्या ओळखतात. नाव भारदस्त असले, तरी तिची सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. वर पाहिले म्हणजे 'हो', डोळे मिटले म्हणजे 'नाही', एवढा ठराव झाला तरी संवादाचे दार किलकिले होते. त्यापुढची पायरी म्हणजे चित्रांचा अथवा अक्षरांचा संवादफलक. हात चालत नसेल, तर पारदर्शक ॲक्रिलिकच्या पाटीच्या कडांना अक्षरे चिकटवून ती दोघांच्या मध्ये धरता येते. समोरच्याची नजर कोठे थांबली ते पलीकडून दिसते. त्यापुढे येतात बटण दाबताच बोलणारी यंत्रे, आणि शेवटी डोळ्यांच्या हालचालींवर चालणारे संगणक.

स्टीफन हॉकिंग यांचे संगणकी आवाजातले बोलणे जगाने ऐकले. १९८५ साली श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतर त्यांची उरलीसुरली वाचाही गेली, तेव्हा त्यांचा पहिला आधार अक्षरांचा तक्ता हाच होता, हे फारसे सांगितले जात नाही. कोणी एकेका अक्षरावर बोट ठेवी आणि योग्य अक्षर आले की हॉकिंग भुवई उचलत. फ्रान्समधील पत्रकार जाँ-दोमिनिक बोबी यांना १९९५ साली मेंदूचा झटका आला आणि केवळ डाव्या पापणीची हालचाल उरली. साहाय्यक अक्षरे म्हणत जाई, हवे ते अक्षर आले की ते पापणी मिटत. अशा रीतीने त्यांनी संपूर्ण पुस्तक सांगितले. ते १९९७ साली प्रसिद्ध झाले. येथे लक्षावधी रुपयांचे यंत्र नव्हते. समोर बसून धीराने अक्षरे म्हणणारा एक माणूस होता.

या पद्धतीसाठी मराठी माणसाच्या हाती तर वारशानेच एक उत्तम साधन आलेले आहे. रोमन लिपीतील अक्षरांच्या क्रमाला उच्चाराचा काही आधार नाही. म्हणून बोबींच्या साहाय्यकाला वापराच्या प्रमाणानुसार अक्षरे नव्याने लावून घ्यावी लागली. आपली वर्णमाला मुळातच उच्चारस्थानानुसार मांडलेली आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग अशा पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच वर्ण. प्रथम ओळींची नावे घ्यायची. खूण मिळाली की त्या ओळीतले वर्ण म्हणायचे. पंचवीस व्यंजनांपैकी कोणतेही व्यंजन दोन खुणांत सापडते आणि शेवटच्या 'म'पर्यंत पोहोचायलाही दहाच उच्चार पुरतात. उरलेल्या वर्णांसाठी आणि स्वरांसाठी आणखी दोन-तीन ओळी लावल्या की झाले. मात्रा-वेलांट्या सुरुवातीला सोडून दिल्या तरी चालते. जेवणाच्या वेळी 'प' आणि 'ण' मिळाले की घरातल्या माणसाला 'पाणी' उमगते. शाळेच्या भिंतीवर टांगलेला मुळाक्षरांचा तक्ता एखाद्या घरासाठी अशा रीतीने बोलका होऊ शकतो.

भारतातली वाटचाल

या देशात हे काम परदेशी प्रकल्प म्हणून नव्हे, तर आई-वडिलांच्या आणि शिक्षकांच्या तळमळीतून उभे राहिले. मुंबईत डॉ. मिथू अलूर यांनी आपली कन्या मालिनी हिच्यासारख्या मुलांसाठी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. पुढल्या वर्षी कुलाब्यात शाळा सुरू झाली. कोलकात्यात १९७४ साली उभ्या राहिलेल्या आणि पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने पर्यायी संवादाच्या प्रशिक्षणाचा पाया देशात घातला. मालिनी चिब यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि नंतर लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले. एका बोटाने टंकलेखन करून लिहिलेले त्यांचे 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र २०१० साली प्रकाशित झाले. या मुलीच्या बाबतीत काही करण्यासारखे नाही, असे तिच्या लहानपणी डॉक्टरांनी सांगून टाकले होते.

तंत्रज्ञानही देशातच घडले. आयआयटी खडगपूरमध्ये प्रा. अनुपम बसू यांच्या चमूने चित्रांवरून वाक्य रचणारी 'संयोग' ही प्रणाली तयार केली. चेन्नईत अजित नारायणन यांनी 'आवाज' विकसित केले. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालेले 'जेलो' हे ॲप विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलते. ज्या घरात स्मार्टफोन पोहोचला आहे, त्या घरात किमान साधन पोहोचण्याची अडचण आता राहिलेली नाही. अडचण आहे ती समजुतीची.

'फलक दिला तर बोलणार नाही'

या समजुतींतली सर्वांत घातक म्हणजे चित्रे किंवा यंत्र हाती दिले की मूल आळशी होईल आणि बोलण्याचा प्रयत्नच सोडून देईल, ही. या भीतीपोटी कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे थांबतात. 'उशिरा बोलेल, याचे वडीलही उशिराच बोलले होते' असे म्हणत भाषा रुजण्याची मोलाची वर्षे हातची जातात. मग नवस, अंगारे, जिभेखालची नस कापण्याचे सल्ले आणि अखेर हताशा, असा क्रम ठरलेला असतो.

संशोधनाचा कौल या भीतीच्या विरुद्ध आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांतला सर्वांत भक्कम पुरावा ज्या २७ व्यक्तींविषयी होता, त्यांच्यापैकी एकाचीही वाणी पर्यायी साधनामुळे घटली नव्हती. बहुतेकांची थोडीफार वाढलीच होती. कारण उघड आहे. आपले म्हणणे समोरच्याला कळते, हा अनुभव आला की संवादाची गोडी लागते. कुबडी घेणारा चालण्याचा आळस करत नाही, चालण्यासाठीच तो कुबडी घेतो.

दुसरी चूक अपेक्षेची. फलक घरी आणला, भिंतीला टांगला, मूल आठ दिवसांत बोट दाखवत नाही म्हणून तो माळ्यावर गेला, असे हमखास घडते. वास्तविक कोणतेही मूल पहिला शब्द उच्चारण्याआधी वर्षभर भाषा ऐकत असते. फलकाची भाषा त्याने कोणाला वापरताना पाहिलेलीच नसते, तर ती त्याला यावी कशी? म्हणून आईने 'चल, बाहेर जाऊ' म्हणताना 'बाहेर'च्या चित्रावर बोट ठेवावे, आजोबांनी 'आणखी हवे?' विचारताना 'आणखी' दाखवावे. प्रश्न विचारल्यावर दहा-पंधरा सेकंद शांत थांबावे. घर बोटाने बोलू लागले की मूलही बोलू लागते.

'नको' म्हणण्याचा अधिकार

घरोघरच्या फलकांवर कोणती चित्रे असतात, हे पाहण्यासारखे आहे. पाणी, जेवण, शी-शू, झोप. शरीराच्या गरजा संपल्या की फलक संपतो. माणूस एवढ्यापुरताच बोलतो काय? दैनंदिन बोलण्याचा फार मोठा भाग काहीशे साध्या शब्दांनीच भागतो आणि त्यांत वस्तूंची नावे थोडी असतात. 'मी, तू, हे, दे, थांब, पुन्हा, पुरे, का, कधी, मला आवडले, मला राग आला' हे खरे बोलण्याचे शब्द होत. या सर्वांत महत्त्वाचा शब्द 'नको' हा आहे आणि नेमका तोच बहुतेक फलकांवर नसतो.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. न बोलणारे मूल कोणाची तक्रार करणार नाही, हे दुष्ट माणसाला चांगले ठाऊक असते. ज्या फलकावर शरीराच्या अवयवांची नावे नाहीत, 'दुखते', 'भीती वाटते', 'त्याने केले' हे शब्द नाहीत, तो फलक मुलाला संकटाच्या वेळी पुन्हा मुके करतो. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा अशा मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची संवादपद्धती जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद करतो. परंतु सांगायला शब्दच दिलेले नसतील, तर कायदा तरी काय ऐकणार?

शब्द निवडताना मराठीपणाचेही भान हवे. इंग्रजी तक्त्याचे भाषांतर करून भागत नाही. मराठीत मुलगी 'जाते' आणि मुलगा 'जातो'. आजोबांना 'तुम्ही' आणि आईला 'तू' म्हटले जाते. मुलीच्या यंत्रातून पुरुषी क्रियापदे बाहेर पडली, किंवा गुरुजींना एकेरी हाक गेली, तर त्या व्यक्तीचे बोलणे तिचे स्वतःचे वाटत नाही. फलकावर पुरणपोळी, दिंडी, आत्या, मामा, गणपतीबाप्पा असावेत. भाऊबीजेला काय ओवाळणी मिळाली हे बहिणीला सांगता यावे. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरात त्या बोलीचे शब्द असावेत. भाषा ही संस्कृतीची वाहक आहे असे आपण म्हणतो. मग ज्याला बोलता येत नाही, त्याला त्या संस्कृतीबाहेर का ठेवावे?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. साहाय्यकाने रुग्णाचा हात, मनगट किंवा कोपर धरून अक्षरांवर नेण्याची एक पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत गाजली. न बोलणारी मुले कविता लिहू लागली, असे सांगितले गेले. नंतर नियंत्रित चाचण्यांत साहाय्यकाला एक आणि मुलाला दुसरे चित्र दाखवले, तेव्हा उमटणारे उत्तर साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचे निघाले. साहाय्यक फसवत नव्हते. नकळत त्यांचाच हात बोलत होता. अमेरिकेतील वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. आशेने व्याकूळ झालेल्या पालकांना गाठणारे चमत्कार आपल्याकडेही कमी नाहीत. खूण लहान असली तरी चालेल, पण ती त्या व्यक्तीची स्वतःची असली पाहिजे, ही कसोटी कधीही सोडू नये.

कायदा आहे, कान हवेत

दिव्यांगांचे अधिकार सांगणारा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते; नव्या कायद्यात २१ आहेत आणि वाचा व भाषेचे दिव्यांगत्व त्यांत स्वतंत्रपणे नोंदलेले आहे. 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच पूरक व पर्यायी मार्गांचा समावेश आहे. शिक्षणात अशा पद्धतींना चालना देण्याचे दायित्व कलम १७ शासनावर टाकते आणि कलम १२ दिव्यांगांची साक्ष त्यांच्या पसंतीच्या संवादमार्गाने नोंदवण्याची सोय मागते. अक्षरशः पाहिले तर उणे काही नाही. उणीव आहे ती शाळेत, रुग्णालयात आणि पोलीस ठाण्यात.

अपेक्षा फार मोठ्या नाहीत. अतिदक्षता विभागातील प्रत्येक खाटेपाशी 'दुखते, श्वास, तहान, कूस बदला, घरच्यांना बोलवा' एवढे दाखवणारा मराठी तक्ता असावा. नळी घातलेल्या रुग्णाला बोलता येत नाही, हे करोनाच्या काळात हजारो कुटुंबांनी अनुभवले आहे. अर्धांगवायूनंतर वाचाघात झालेल्या व्यक्तीला अक्षरे उमगतीलच असे नाही. तिच्यासाठी घरच्या माणसांची छायाचित्रे, घड्याळ, नकाशा, पंचांग अधिक उपयोगी पडतात, हे घरी सोडताना कोणीतरी समजावून सांगावे. अंगणवाडी सेविकेच्या आणि शिक्षकाच्या प्रशिक्षणात या विषयाचा एखादा दिवस असावा. वाचा-उपचारतज्ज्ञ शहरांत एकवटलेले आहेत. तालुक्याच्या गावी त्यांचे नियमित शिबिर व्हावे, यासाठी स्थानिक मंडळांनी, सेवासंस्थांनी पुढाकार घ्यावा.

सेवेची परंपरा आपल्या समाजात क्षीण नाही. शिबिरे भरतात, तीनचाकी सायकली वाटल्या जातात, फराळ पोहोचतो, आणि त्यामागचा भाव सच्चा असतो. परंतु ज्याची सेवा करायची त्याला विचारण्याची रीत अजून रुजलेली नाही. भरवणारा हात प्रेमळ असला, तरी तोंड मिटण्याचा हक्क खाणाऱ्याकडेच असला पाहिजे. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकारालाही अर्थ उरत नाही. म्हणून यापुढे अशा घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याने फळांच्या करंडीसोबत एक संवादफलक न्यावा, आईशी बोलण्याआधी खुर्चीतल्या मुलाशी बोलावे, त्याला प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत तेथे बसून राहावे. उत्तराला एक मिनिट लागेल, कदाचित पाच. तेवढा वेळ देता आला, तरच ती सेवा त्याच्यापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.